चार हजार मीटरवरची खडकाळ सिंगलट्रॅक: तयारी, चढण आणि उतरण

उंच डोंगरातल्या राइडचं गणित चढणीवर चुकतं आणि त्याचा फटका उतरणीवर बसतो. खिंडीत पोहोचेपर्यंत मांड्या संपलेल्या असतात आणि डोकं जड झालेलं असतं. खऱ्या खडकाळ सिंगलट्रॅकला, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद वाटेला, तिथूनच सुरुवात होते. समोरचा धोंडा दिसतो, त्यावरून पुढचं चाक उचलायचं हेही कळतं, पण हात अर्धा क्षण उशिरा हलतात. त्यामुळे सायकलची तयारी, वेळापत्रक, खाणं आणि ढकलत चालणं हे सगळं एकाच हिशोबाने करायचं: माथ्यावर पोहोचल्यावर दम शिल्लक असला पाहिजे.

विरळ हवा म्हणजे नेमकं काय

ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतं. उंचीवर घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटरवर तो साधारण ७० टक्के राहतो, ४,००० मीटरवर ६१ टक्के. १,५०० मीटरच्या वर दर हजार मीटरला माणसाची कमाल दमशक्ती ढोबळमानाने दहा टक्क्यांनी उतरते. फिटनेस कितीही असला तरी ही कपात चुकत नाही. उलट तगडे लोकच जास्त अडचणीत येतात, कारण पायांना खालचा वेग आठवत असतो.

रात्री कुठे झोपता, हे दिवसा कुठवर चढता यापेक्षा महत्त्वाचं आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढा. गाडीने थेट ३,५०० मीटरवर उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी राइड सुरू करणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. उंचीचा त्रास पोहोचल्याबरोबर होत नाही, तो साधारण सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. संध्याकाळी 'मला तर काहीच होत नाहीये' म्हणणारा माणूस पहाटे डोकं धरून बसलेला असतो.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा न जाणारा थकवा, एवढं झालं की वर जाणं थांबवा. आराम करूनही वाढत असेल तर खाली उतरा. दोन लक्षणांवर चर्चा करत बसायचं नसतं. एक, बसल्या जागी धाप लागणं. दुसरं, तोल जाणं. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर मेंदूला सूज येत असल्याचा संशय धरून त्या माणसाला लगेच, सोबत देऊन, खाली न्या. तो सायकल चालवणार नाही, ती दुसरा कोणीतरी ढकलेल. सायकलस्वारात हे लक्षण थोडं आधीही दिसू शकतं: दिवसभर नीट चालवणारा माणूस सोप्या वाटेवर वारंवार पाय टेकवू लागला, तर 'दमला असेल' म्हणून सोडून देऊ नका.

अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी) घ्यायचं की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. ते माहीत नसलं की लोक हँडलबारच्या पकडीला दोष देत ग्रिप बदलत बसतात.

टायर: खाली भरलेली हवा वर वेगळी होते

हवा खाली घरी भरून निघणाऱ्यांचा टायर माथ्यावर दगडासारखा टणक होतो. दाबमापक आपल्याला टायरच्या आतला आणि बाहेरचा फरक दाखवतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय (दाबाचं एकक, दर चौरस इंचाला पौंड) असतो, ४,००० मीटरवर सुमारे ८.९. म्हणजे खाली मोजून भरलेले २३ पीएसआय वर जवळपास २९ होतात. थंडीमुळे एक-दोन पीएसआय कमी होतात, पण तरी २७ उरतातच. एवढ्या टणक टायरवर सुट्या दगडांवरून पुढचं चाक उड्या मारतं आणि दोष चालवणाऱ्याच्या कौशल्याला दिला जातो.

म्हणून छोटा डिजिटल दाबमापक बरोबर ठेवा आणि हवा वरच्या मुक्कामी, सकाळच्या थंडीत मोजा. ७५ किलोचा माणूस, पाठीवर सॅक आणि २.४ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर असेल तर पुढे २२ ते २४, मागे २५ ते २७ इथून सुरुवात करा. दगडावर रिम आपटल्याचा ठणका आला तर एक-दोन पीएसआय वाढवा.

टायर निवडताना वजनाचा लोभ नको. धारदार दगडांच्या वाटेवर कागदासारख्या पातळ भिंतीचा (बाजूचा) टायर पंक्चर होत नाही, फाटतो, आणि भिंतीतला दोन सेंटिमीटरचा काप सीलंट (टायरमधला भोकं बुजवणारा द्रव) बुजवू शकत नाही. मागे तरी जाड भिंतीचा टायर घाला. दोनतीनशे ग्रॅम जास्त वाहावे लागले तरी चालतील. २९ इंची चाकात १०० ते १२० मिलिलिटर ताजं सीलंट टाका. व्हॉल्व्ह उघडून आत बारीक काडी घालून बघा. ती कोरडी निघाली तर टायरमध्ये सीलंट नाही, सुकलेले रबराचे गोळे आहेत.

दुरुस्तीचा क्रम असा. छोटं भोक असेल तर प्लग (भोकात खुपसायची चिकट रबरी वात). भोकातून हवा सुटतच राहिली तर शेजारी दुसरा प्लग. भिंत फाटली असेल तर टायर अर्धा काढा, आतून बूट, म्हणजे ठिगळ, लावा (जुन्या टायरचा तुकडा किंवा टूथपेस्टची कापलेली नळी चालते), काप मोठा असेल तर वाकड्या सुईने जाड दोऱ्याचे टाके घाला आणि मग ट्यूब टाका. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटे आणि दगडांच्या कपच्या काढा. एवढंच विसरल्याने दुसरी ट्यूबही जाते.

पंपाबाबत एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. वर दर दट्ट्याला हवा कमी येते. ४,००० मीटरवर तेवढाच दाब गाठायला खालच्यापेक्षा सुमारे दीडपट ते पावणेदोनपट दट्टे मारावे लागतात, आणि ते मारताना दमही तुमचाच जातो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला ही अडचण नाही. १६ ग्रॅमचं एक नळकांडं २९ इंची, २.४ रुंदीच्या टायरला जेमतेम २० पीएसआयच्या आसपास नेतं, त्यामुळे २५ ग्रॅमची दोन घ्या. गॅस भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला धरा. गार गॅस थेट सीलंटवर आदळला तर काही सीलंट गोठून निकामी होतात. पंप मात्र तरीही हवाच, नळकांडी संपतात.

फोर्क, शॉक, ब्रेक

जो खेळ टायरमध्ये तोच फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, धक्क्याला दबणाऱ्या चिमट्यात. फोर्कच्या खालच्या पायांत खाली बंद झालेली हवा वर गेल्यावर फुगते, ऑइल सीलवर दाब देते आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर प्रवास मिळत नाही. फॉक्स कंपनीच्या नव्या ३६ आणि ३८ फोर्कना मागे छोटी बटणं असतात: सायकलवर भार नसताना दाबली की फुस्स आवाज येतो, काम झालं. बटणं नसतील तर गुळगुळीत कडेची झिप टाय डस्ट वायपर (धूळ अडवणारी रबरी कड) आणि नळीच्या मधून अलगद सरकवा, हवा सुटली की काढून घ्या. स्क्रूड्रायव्हर वापरू नका. सील कापलं गेलं की तेल गळायला लागतं.

सॅग (सायकलवर बसल्यावर फोर्क-शॉक जेवढे दबतात ते) वरच्या मुक्कामी, सॅक पाठीवर घेऊन तपासा: मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २०. थंडीत डॅम्परचं (हालचाल आवरणाऱ्या भागाचं) तेल घट्ट होतं आणि रिबाउंड (दबल्यावर परत वर येणं) मंदावतो, म्हणून पहाटे एक-दोन क्लिक मोकळा ठेवा. मंद रिबाउंडवर लागोपाठच्या दगडांत फोर्क दबतच जातो, वर यायला त्याला उसंत मिळत नाही.

ब्रेकच्या द्रवात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर खाली तो जाणवतही नाही, वर फुगून लिव्हर मऊ करतो. निघण्याच्या आठवडाभर आधी ब्लीड करून, म्हणजे ही हवा काढून, घ्या. लांब उतरणीला सिंटर्ड म्हणजे धातूमिश्रित पॅड बरे, ते तापल्यावरही पकड सोडत नाहीत. मात्र डिस्कवर फक्त रेझिन पॅडसाठी असं लिहिलेलं असेल तर ते चालणार नाहीत. पॅडचा मसाला एक मिलिमीटरवर आला असेल तर घरीच बदला, जुने पॅड सुटे म्हणून पिशवीत टाका. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावून ते मुरवा. न मुरवलेले पॅड पहिल्याच तीव्र उतारावर चकाकी धरतात आणि किंचाळत राहतात.

गिअरबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही: खाली ३२ दातांची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) चालवत असाल तर वर २८ किंवा ३० लावा, मागे ५१ किंवा ५२ दातांची मोठी चकती.

पिशवीत काय हवं: चेन ब्रेकर असलेला मल्टिटूल, आपल्या चेनच्या स्पीडचे दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचं गिअरयंत्र फ्रेमला जोडणारा तुकडा), गिअर केबल, व्हॉल्व्ह कोर, प्लग, सुई-दोरा, एक ट्यूब, झिप टाय, पंपावर गुंडाळलेली डक्ट टेप, पॅडचा जोड, क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी पट्टी) वापरत असाल तर त्याचा एक स्क्रू. फ्रेमनुसार हँगर बदलतात; मित्राचा तुमच्या सायकलला बसेलच असं नाही. यूडीएच (प्रमाणित, सामायिक हँगर) असलेल्या फ्रेमना मात्र एकच चालतो, तेव्हा चौघांच्या गटात कोणाची फ्रेम कुठली आहे ते बघून सामान वाटून घ्या. इलेक्ट्रॉनिक गिअर असेल तर भरलेली जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

वेळापत्रक दुपारवरून उलटं मोजा

उंच डोंगरात सकाळ स्वच्छ आणि दुपार ढगाळ हा नेहमीचा प्रकार. जमीन तापते, हवा वर चढते, ढग दाटतात. त्यामुळे दुपारी बाराच्या आत खिंड ओलांडून उघड्या धारेवरून खाली आलेलं असायला हवं, आणि निघायची वेळ तिथून उलटी मोजायची. सायकल चालवत, ढकलत आणि उचलत मिळून ४,००० मीटरच्या आसपास ताशी २०० ते ३०० मीटर उंची धरा. १,००० मीटरचा चढ म्हणजे चार-पाच तास, म्हणजे पहाटे सहाला निघालेला अकराला वर. खडकाळ उतरणीलाही ताशी ६ ते ८ किलोमीटरच धरा. नकाशावर १२ किलोमीटर उतार दिसला की लोक अर्ध्या तासाचा हिशोब करतात, लागतात दोन.

परत फिरण्याची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि सगळ्यांसमोर बोलून ठेवा. वर गेल्यावर ती ठरत नाही, कारण खिंड नेहमीच 'हे काय, दिसतेच आहे' इतकी जवळ असते.

वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. धार सोडा, सुट्या उंच दगडापासून आणि उथळ कपारींपासून लांब राहा, सायकल बाजूला टाका, एकमेकांत अंतर ठेवून सॅकवर पाय जुळवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

चढण: दम मोजून खर्च करा

सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हा वेग. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. खाली एखादी दगडी पायरी जोर लावून चढलात तर मिनिटभरात श्वास जागेवर येतो. वर त्याच पायरीला तीन-चार मिनिटं जातात आणि दिवसभरात अशा तीस पायऱ्या असतात. म्हणून अवघड टप्प्याआधी थांबा, दहा-पंधरा खोल श्वास घ्या, रेषा बघा आणि एकदाच प्रयत्न करा. जमलं नाही तर पुन्हा मागे जाऊन हट्ट धरू नका, ढकला.

चालवताना छाती हँडलबारकडे झुकवा, बैठक सीटच्या नाकाकडे आणा आणि दगडांच्या मधे पॅडल पूर्ण फिरवू नका. पाव-अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. पूर्ण फेऱ्यात क्रँक (पॅडलचा दांडा) दगडावर आपटतो आणि चढावर तिथेच आडवं व्हायला होतं.

ढकलताना आपण डोंगराच्या बाजूला, सायकल दरीच्या बाजूला. घसरली तर सोडून देता येते. उलट बाजूला असेल तर ती आपल्याला घेऊन जाते. तीव्र चढावर उचलायची असेल तर सीट खाली करा, फ्रेमवरची बाटली काढा, एका हातात फोर्कचा पाय आणि दुसऱ्या हातात क्रँक धरून सायकल डोक्यावरून मागे घ्या. डाउनट्यूब (फ्रेमची खालची तिरकी नळी) मानेमागे, सॅकच्या वरच्या टोकावर टेकली पाहिजे. वजन सॅक झेलते, हात फक्त तोल सांभाळतात. कड्याला खेटून जाणाऱ्या आडव्या वाटेवर मात्र हे करू नका: चाक कातळाला लागतं आणि धक्का दरीकडे बसतो. जोराच्या वाऱ्यातही नको. अशा जागी सायकल हातोहात पुढे द्या.

उचलून नेल्यावर सायकल आडवीतिडवी झालेली असते. पुन्हा बसण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा. लिव्हर हँडलबारला टेकत असेल तर बुडबुडा सरकलाय. उतरणीच्या तिसऱ्या वळणावर हे कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. भूक मेलेली असते, म्हणून घड्याळाचा गजर लावून दर अर्ध्या तासाला दोन घास खा. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा भिजल्यावर गोठला तर निकामी होतो आणि ते बाहेरून दिसत नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पाणी उकळत असाल तर २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळू द्या, कारण ४,००० मीटरवर ते ८७ अंशांच्या आसपासच उकळतं.

उतरण

माथ्यावर पोहोचल्याबरोबर निघू नका. आधी जाड जॅकेट घाला, मग खा. घाम अंगावर असतो आणि दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी कमी झालेलं असतं. गारठलेल्या बोटांनी ब्रेक मोजून लावता येत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी जॅकेट काढा, कोरडे हातमोजे, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड चढवा, सीट खाली करा, टायरची हवा पुन्हा बघा.

उभं राहायचं ते पायांवर, हातांवर नाही. पॅडल समतल, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, हँडलबार हलकेच धरलेला. नजर चाकाच्या पुढच्या दगडावर नको, त्याचा निर्णय झालेला असतो. दोन सेकंदांनी जिथे असाल तिथे बघा. ब्रेक एका बोटाने, आणि दगडांच्या पट्ट्याच्या आधी. चौकोनी कडेच्या दगडावर पुढचं चाक आदळताना ब्रेक दाबलेला असेल तर चाक चढत नाही, अडतं, आणि माणूस हँडलबारवरून जातो. उंच पायरीवरून उतरताना ब्रेक सोडून चाक पुढे ढकला, मागे फार बसू नका. वजन फार मागे गेलं की पुढच्या चाकाची पकड सुटते.

घसाऱ्यावर नियम बदलतो. बारीक सुटे दगड खाली सरकत असतात, त्यांच्याबरोबर सरकू द्यायचं. सरळ रेषा धरा, वळण शेवटाला ठेवा, पुढचा ब्रेक पिसासारखा. घसाऱ्याखाली कडा असेल तर चालवूच नका. ओल्या किंवा शेवाळलेल्या कातळावर वळू नका आणि ब्रेक लावू नका. ते कातळ चढण्याआधी आणि उतरल्यावर.

बंद वळणांवर बाहेरून आत या, डोकं आधी वळवा, मागचं चाक घसटवत फिरवू नका. त्याने वाटेला चर पडतो, पुढच्या पावसात तो ओढा होतो, आणि या उंचीवरचं गवत परत यायला कित्येक वर्षं लागतात. मुळात त्या क्षेत्रात सायकलला परवानगी आहे का, हे निघण्याआधी विचारलेलं असलं पाहिजे. चालणारे आणि लादलेली जनावरं यांना वाट आधी. जनावरांसाठी थांबताना डोंगराच्या बाजूला उभे राहा, ओझ्याचा धक्का लागला तर दरीत जाणारे तुम्ही नसाल.

दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा. हात आखडले की बोटं उघडत नाहीत आणि लोक त्याही अवस्थेत 'अजून एक टप्पा' म्हणतात. थांबल्यावर डिस्कला हात लावू नका, वासच सांगतो किती तापलीय.

कोणी डोक्यावर पडलं आणि नंतर डोकं दुखू लागलं तर ते मार लागल्यामुळे की उंचीमुळे, हे तिथे ठरवता येत नाही. दोन्हींना उपाय एकच, चालत खाली. गटात संदेश पाठवणारं आणि घेणारंही उपग्रह यंत्र असावं (काही देशांत अशा यंत्रांना परवाना लागतो, आधी चौकशी करा), आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. संकटाची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता. उत्तर तीन शिट्ट्यांचं.

उतरताना टायरचा खेळ उलटा होतो. ४,००० मीटरवर २३ पीएसआय ठेवलेला टायर २,००० मीटरवर जवळपास अडीच पीएसआयने मऊ होतो, आणि तळाला, जिथे वेग सगळ्यात जास्त असतो, तिथेच रिम दगडावर बसते. लांब उतरण असेल तर अर्ध्या वाटेवर, हात मोकळे करायला थांबाल तेव्हाच, दाबमापक लावा आणि पंपाचे दहा-पंधरा दट्टे मारून घ्या. खाली हवा दाट असते, तेवढ्याने काम होतं.